खसखशीच्या तेलाचा थेंब

तरुण पोराची पाठ धरली की घरोघरी निदान तयारच असते: दुचाकी, लॅपटॉप नाहीतर जिम. बहुतेकदा ते बरोबरही निघते. क्वचित मात्र मणक्यांच्या आत मज्जारज्जूला दाबणारी गाठ असते. ती नेमकी कुठे आहे, हे शोधण्यात वैद्यकाची शंभर वर्षे गेली.

9 जून 1887. लंडनमध्ये शल्यचिकित्सक व्हिक्टर हॉर्स्ली यांनी कॅप्टन गिल्बी यांची पाठ उघडली. दुखणे तीन वर्षांचे, पाय लुळे पडलेले. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून आठ वर्षे होती. अंगावरची संवेदना कुठे संपते ते तपासून मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम गावर्स यांनी गाठीची जागा ठरवली होती. तिथे काहीच सापडेना. सहाय्यकाच्या आग्रहाखातर हॉर्स्ली आणखी वर सरकले आणि बदामाच्या आकाराची गाठ हाती आली. गिल्बी पुन्हा चालू लागले.

जागा डोळ्यांना दाखवली ती खसखशीच्या तेलाने! पॅरिसचे डॉक्टर सिकार आणि फोरेस्तिए आयोडीनयुक्त तेल पाठदुखीवर टोचून पाहत होते. 1921च्या सुमारास ते तेल चुकून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात उतरले. क्ष-किरणांत थेंब घरंगळताना दिसले. वाटेत गाठ असली की तिथेच अडत. हाच मायलोग्राम. पुढे मायोडिल नावाचे पातळ द्रव्य आले, पण ते आत राहिले तर मज्जारज्जूची आवरणे सुजून एकमेकांना चिकटत.

भारतातही हीच वाट होती. बेंगळुरूत जयनगरच्या शेजारी होसूर रस्त्यावर निम्हान्स ही मेंदू आणि मनोविकारांची राष्ट्रीय संस्था आहे. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी घरांनाही हे नाव ठाऊक असते. तिथला मेंदूशस्त्रक्रिया विभाग डॉ. आर. एम. वर्मा यांनी 1958 साली सुरू केला, तेव्हा जगात कुठेच एमआरआय नव्हता. अशा गाठीसाठी भरवसा मायलोग्रामवरच.

आता एमआरआयमुळे सहसा पाठीत सुई टोचावी लागत नाही. मात्र एमआरआय सांगितलेल्या भागाचेच चित्र काढतो. गाठ छातीमागच्या मणक्यांत आणि चित्र कंबरेचे, तर अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो! गावर्स यांची तपासणी म्हणूनच कालबाह्य झालेली नाही.

दुखणे आडवे पडल्यावर वाढत असेल, झोपमोड करत असेल, चाल बदलली असेल किंवा मुलाच्या पाठीला बाक येत असेल, तर डॉक्टरांकडून पायांची ताकद आणि संवेदना आधी तपासून घ्या. लघवी अडली किंवा पाय लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.