ॲड्रेनॅलिनमापन, विद्युत् रासायनिक

ॲड्रेनॅलिन हे अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे संप्रेरक कार्बनच्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकृत करून, त्या वेळी वाहणाऱ्या विद्युत् प्रवाहावरून मोजण्याची पद्धत. जोकिची ताकामिने यांनी १९०१ मध्ये हे संप्रेरक स्फटिकरूपात वेगळे केले. त्याच्या रेणूतील कॅटेचॉल गट दोन इलेक्ट्रॉन व दोन प्रोटॉन गमावून क्विनोन बनतो. द्रावणात संप्रेरक जितके जास्त, तितका प्रवाह मोठा.

कार्बन पेस्ट इलेक्ट्रोड राल्फ ॲडम्स यांनी १९५८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात पुढे आणला. तो हातानेच तयार होतो. ग्रॅफाइटची पूड खनिज तेलाचे थेंब घालत खलात घोटायची, लगदा टेफ्लॉनच्या नळीत ठासायचा, मागून तांब्याची तार खुपसायची आणि टोक गुळगुळीत कागदावर घासून चकचकीत करायचे. पृष्ठभाग खराब झाला की लगदा किंचित पुढे ढकलून पुन्हा घासायचा. लहान महाविद्यालयालाही हा परवडतो, हे त्याचे मोठेच बळ.

खरी अडचण नमुन्यातील इतर पदार्थांची. रक्तात ॲस्कॉर्बिक आम्ल ॲड्रेनॅलिनच्या लाखपटीच्या घरात असते आणि साध्या कार्बनवर ते जवळपास त्याच विभवाला ऑक्सिडीकृत होते. यूरिक आम्लाचाही अडथळा होतो. म्हणून इलेक्ट्रोडवर निवडक थर चढवतात. रक्ताच्या सामूला ॲड्रेनॅलिन धनभारित, तर ॲस्कॉर्बेट ऋणभारित असते. नॅफिऑन या बहुवारिकाचा ऋणभारित थर पहिल्याला आत घेतो, दुसऱ्याला लांब ठेवतो. मुंबई विद्यापीठातील ए. के. श्रीवास्तव व त्यांच्या सहकाऱ्यांनी काचसदृश कार्बनच्या पेस्टमध्ये तांब्याचे जटिल संयुग आणि चांदीचे नॅनोकण मिसळून ॲड्रेनॅलिन, नॉरॲड्रेनॅलिन, डोपामिन व लेव्होडोपा मोजले. हे काम २०१३ मध्ये ‘बायोसेन्सर्स अँड बायोइलेक्ट्रॉनिक्स’ या नियतकालिकात आले.

अशा शोधनिबंधांत मोजणी बहुधा इंजेक्शनच्या औषधात किंवा वरून संप्रेरक घातलेल्या नमुन्यात होते. रक्तातील नैसर्गिक पातळी त्या नमुन्यांतील प्रमाणाहून फार खाली असते. फिओक्रोमोसायटोमा या अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीच्या निदानासाठी तर रुग्णालये आजही ॲड्रेनॅलिनपासून शरीरात बनणाऱ्या मेटानेफ्रिनांच्या चाचणीवरच भिस्त ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

हळद पिकवणाऱ्या हिंगोली जिल्ह्याला मात्र हेच तंत्र हळदीतील कुरकुमिन मोजण्यासाठी अधिक जवळचे ठरेल. कुरकुमिनमध्ये फिनॉल गट असल्याने तेही कार्बनवर ऑक्सिडीकृत होते, शिवाय हळदीत ते टक्क्यांत मोजण्याइतके भरपूर असते. वसमतच्या हरिद्रा संशोधन केंद्राने आणि जिल्ह्यातील रसायनशास्त्राच्या विभागांनी ही स्वस्त पद्धत हळदीची प्रत ठरवण्यासाठी जरूर वापरून पाहावी.