नावे कोण जपतो?

जगाच्या नकाशावरील काही गावांची नावे वाचून नवल वाटते. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या हॉट स्प्रिंग्ज गावाने 1950 साली चक्क एका रेडिओ कार्यक्रमाचे नाव धारण केले: ‘ट्रूथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’. कॅनडातील क्वेबेक प्रांतात तर खनिजावरून ‘ॲस्बेस्टॉस’ हे नाव पडलेले गाव होते. ते खनिज आरोग्यास घातक ठरले, खाण बंद झाली आणि 2020 साली रहिवाशांनी मतदानाने गावाचे नाव बदलले.

आमच्या आकुर्डी परिसरातील नावे मात्र अधिक चिवट आहेत. चिंच आणि वड यांवरून चिंचवड हे नाव पडले, असे जुनी माणसे सांगतात. पिंपरीच्या नावातही वृक्षच आहे. मोरया गोसावींच्या समाधीमुळे चिंचवड कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून सर्वांना ठाऊक होते. पुढे 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागोमाग इतर कारखाने आले आणि वृक्षांच्या नावांशेजारी कंपन्यांची नावे रुजली. टेल्को 2003 साली टाटा मोटर्स झाली, तरी रस्ता टेल्को रोडच राहिला. नवनगर विकास प्राधिकरण 1972 साली स्थापन झाले आणि 2021 साली विसर्जित झाले. तरीही रिक्षावाल्याला आपण ‘प्राधिकरण’ असेच सांगतो.

1970 साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या चार गावांची नगरपालिका झाली, तेव्हा तिच्या पाटीवर पहिली दोनच नावे आली. आकुर्डी आणि भोसरी पाटीवाचून जगली, ती लोकांच्या जिभेवर. नाव सरकारी दप्तरात टिकते हे खरे. पण ते जिवंत राहते बोलणाऱ्यांमुळेच.

म्हणूनच आम्हांस एक चिंता वाटते. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत पत्ता लिहिताना आता पुष्कळदा सेक्टरचा क्रमांक तेवढा सांगितला जातो. क्रमांकाने घर सापडते; पण तेथे कोणाची शेते होती, कोणत्या भोंग्यावर आपले वडील पाळीला निघत, हे त्यातून कळत नाही. आकुर्डीत बजाजचे वाहन-उत्पादन 2007 साली थांबले. त्या कारखान्यांत आयुष्य वेचलेले वडीलधारे आज आपल्या घरांत आहेत. वाचकहो, त्यांच्याकडून चौकांची, माळांची, ओढ्यांची जुनी नावे विचारून घ्या आणि मुलांसमोर ती उच्चारा. हे काम उद्यावर टाकण्याजोगे नाही.