बड्या तंत्रज्ञान कंपन्यांचे नियमन (भारत)

शोधयंत्र, मोबाइल कार्यप्रणाली, संदेशवहन, ॲपविक्री यांसारख्या परस्परांत गुंतलेल्या सेवांवर पकड असलेल्या कंपन्यांचे बाजारातील वर्तन, वैयक्तिक माहितीचा वापर आणि अल्पवयीनांशी होणारा व्यवहार यांवरील कायदेशीर बंधने. भारतात हे नियमन मुख्यतः स्पर्धा कायद्याच्या वाटेने आले. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या चौथ्या कलमानुसार कंपनी मोठी असण्यास मनाई नाही. प्रबळ स्थानाचा, म्हणजे स्पर्धकांची वा ग्राहकांची फारशी पर्वा न करता वागता येईल अशा सामर्थ्याचा, गैरवापर मात्र निषिद्ध आहे. हे कलम मे २००९ पासून अंमलात आले. शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल २०१२ मध्ये दाखल झालेल्या तक्रारींवर भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. या क्षेत्रात सहा वर्षे हा फार मोठा काळ होय.

अँड्रॉइड प्रकरण : या विषयातील हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय. अँड्रॉइड ही कार्यप्रणाली फोन-उत्पादकांना विनामूल्य मिळते. परंतु प्ले स्टोअर हवे असल्यास गूगलचा संपूर्ण ॲपसंच आधीच बसवून देण्याची आणि अँड्रॉइडच्या अन्य आवृत्त्यांवर चालणारी उपकरणे न काढण्याची अट करारांत होती. आयफोनची कार्यप्रणाली इतर उत्पादकांना परवान्याने मिळत नसल्याने आयोगाने तिला संबंधित बाजारपेठेबाहेर ठेवले, आणि गूगलचे प्राबल्य ठरण्यात ही सीमारेषाच निर्णायक ठरली. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड करून वर्तनबदलाचे दहा आदेश दिले. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती नाकारल्यावर गूगलने उत्पादकांना सुटे ॲप परवान्याने घेण्याची आणि वापरकर्त्यांना शोधयंत्र निवडण्याची मुभा जाहीर केली. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी दंड कायम ठेवला, मात्र चार आदेश रद्द केले. त्यांत आधीच बसवलेली ॲप काढून टाकू देण्याचा व प्ले स्टोअरमधून अन्य ॲपदुकाने उपलब्ध करण्याचा आदेश होता. गैरवापर सिद्ध करण्यासाठी करारातील अट दाखवणे पुरेसे नसून तिचा स्पर्धेवरील परिणामही तपासला पाहिजे, हे न्यायाधिकरणाचे तत्त्व दंडाच्या रकमेपेक्षा अधिक दूरगामी आहे. प्ले स्टोअरमधील देयकपद्धतीबद्दलचा ९३६.४४ कोटींचा स्वतंत्र दंड मार्च २०२५ मध्ये अपिलात २१६.६९ कोटींवर आला.

खाजगीपणा : व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या धोरणात मेटाच्या अन्य सेवांशी माहितीची देवाणघेवाण न स्वीकारण्याचा पर्याय नव्हता. अशी सक्तीची संमती म्हणजे अन्याय्य अट, असे ठरवून आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला आणि जाहिरातींसाठीच्या देवाणघेवाणीवर पाच वर्षांची बंदी घातली. वर्षभराने न्यायाधिकरणाने बंदी उठवली, दंड कायम ठेवला.

बालसुरक्षा : डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ अठरा वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानतो.

प्रस्तावित कायदा : मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा चौकशीनंतरच्या दंडाऐवजी आधीच बंधने घालू पाहतो. ठरावीक आर्थिक निकष पूर्ण करणाऱ्या आणि भारतात किमान एक कोटी अंतिम वापरकर्ते किंवा दहा हजार व्यावसायिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना तो लागू व्हावा, असे त्यात सुचवले आहे.