कावसजीचं नाक

परवा भाच्याशी फोनवर बोलत होतो. अंबाजोगाईच्या १९७४ च्या ग्रामीण मेडिकल कॉलेजात शिकून तो आता बीड जिल्ह्यातच प्रॅक्टिस करतो. म्हणाला, "मामा, जखमेचे फोटो सगळेच काढतात, पण उपयोगाचा दहात एखादाच." मला एकदम कावसजी आठवला!

कावसजी इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं आणि त्याचं नाक व एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ एका कुंभाराने त्याचं नाक नव्यानं बसवलं. मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, तो कपाळावर सपाट ठेवून रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली आणि दोन भुवयांमध्ये जोडलेली ठेवूनच खाली वळवली. इंग्रज डॉक्टर बघत होते. जेम्स वेल्स या चित्रकाराने १७९४ च्या जानेवारीत कावसजीचं चित्र काढलं आणि त्याच ऑक्टोबरात ते लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये आलं. फोटोग्राफी जगापुढे यायला अजून ४५ वर्षं होती!

आता गंमत बघा. चित्रात नुसता चेहरा नाही. मेणाचा तुकडा आणि कातडीचा आकार दाखवणाऱ्या छोट्या आकृत्याही आहेत. म्हणजे बघणाऱ्याला कृती कळते. या हकिकतीवरूनच कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली. उणीव एकच, 'आधीचं' चित्र नाही.

भाचा सांगतो ते हेच. आधी आणि नंतर तेच अंतर, तोच कोन, तोच उजेड. मागे एकरंगी कापड, शेजारी मोजपट्टी. फ्लॅश नको, ओली जखम चकाकते आणि रंग कळत नाही.

पण एक गोष्ट उलटी झालीय. तेव्हा रुग्णाचं नाव छापलं गेलं, कुंभाराचं राहून गेलं. आज डॉक्टरचं नाव जातं, रुग्णाचं जाता कामा नये. डोळ्यांवर काळी पट्टी लावून भागत नाही. आमच्या ओळखीतल्या एका बाईंच्या भाजलेल्या हाताचा फोटो गावच्या ग्रुपवर फिरला. चेहरा नव्हता, पण गोंदण होतं. गावाने तासाभरात ओळखलं. त्या पुढे ड्रेसिंगला गेल्याच नाहीत.

म्हणून फोटो कशासाठी, कोण बघणार, हे आधी रुग्णाला मराठीत सांगावं आणि त्याचा होकार लेखी घ्यावा. मग कॅमेरा काढावा.