नोकरीवर लाथ? जरा हिशेब बघू

आपल्या बैठकांत एक वाक्य वरचेवर ऐकू येतं. 'बाबासाहेबांनी नोकऱ्यांवर लाथ मारली, आणि तुम्ही नोकरीला चिकटून बसता!' मागं एका पोराला नोकरीची ऑर्डर आली. घरात म्हातारी आई, बायको, दोन बहिणी. पण चळवळीचं काम म्हणजे त्याचा जीव. बैठकीत हेच वाक्य त्याच्या तोंडावर फेकलं गेलं. पोरगा मान खाली घालून बसला. मीही गप्प राहिलो. सूतगिरणीत रात्रपाळी करून कविता लिहिणारा मी, पगार सोडलेला नाही. मला बोलायला तोंड कुठलं?

घरी येऊन बाबासाहेबांचं चरित्र पुन्हा वाचलं. दोस्तांनो, ते वाक्य अर्धंच खरं आहे.

सुरुवात बडोद्यापासून करू. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली शिष्यवृत्ती दिली. करार असा, की शिक्षण झालं की दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. म्हणजे दहा वर्षांच्या भाकरीची सोय. सप्टेंबर १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला रुजू झाले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव घेऊन पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर लोक दारात आले. कोलंबियात शिकलेला हा माणूस कामाठी बागेत तासन्‌तास बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतला. इथं लाथ कुणी कुणाला मारली? पगार होता, पण पाठ टेकायला जागा नव्हती. ज्या नोकरीत माणूस म्हणून उभं राहता येत नाही, तिला सुरक्षित कसं म्हणायचं?

मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या. गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा धंदा काढला. गिऱ्हाइकांना जात कळली आणि धंदा बसला. मग नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राची प्राध्यापकी मिळाली. महिना ४५० रुपये. विषय आवडीचा, पगार भरभक्कम. तिथंही पाण्याच्या माठावरून काही प्राध्यापकांनी कुरकुर केलीच. आणि ही नोकरी मात्र मार्च १९२० मध्ये त्यांनी स्वतः सोडली.

आपण एवढंच सांगतो आणि टाळ्या घेतो. पण मधल्या सोळा महिन्यांत काय झालं ते बघा. प्राध्यापक झाले तरी बिऱ्हाड परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिलं. पगारातली ठरलेली रक्कम रमाईच्या हाती, तेवढ्यात तिनं घर चालवायचं. बाकी पैसा लंडनच्या अर्ध्यावर राहिलेल्या शिक्षणासाठी बाजूला. ही नोकरी धरली होतीच मुळी पुढच्या कामासाठी. तरी पैसा पुरला नाही. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी ५००० रुपये उसने दिले. जानेवारी १९२० मध्ये निघालेल्या 'मूकनायक'लाही महाराजांचे २५०० रुपये होते. बाबासाहेब उडी घेत होते तेव्हा खाली हात धरणारे लोक होते.

१९२३ साली परत आल्यावर त्यांनी वकिली धरली. डोक्यावर साहेब नसलेला धंदा. पण अस्पृश्य बॅरिस्टरकडे पक्षकार कुठले रांग लावून येणार? म्हणून जून १९२५ पासून मार्च १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये ते व्यापारी कायदा शिकवत होते. आता सालं जुळवा. चवदार तळं मार्च १९२७ चं. 'बहिष्कृत भारत' एप्रिल १९२७ चा. म्हणजे महाडच्या साली आपला बाप पगारासाठी वर्ग घेत होता! जून १९२८ मध्ये सरकारी लॉ कॉलेजात पुन्हा प्राध्यापकी. पगाराची त्यांना लाज नव्हती. त्या पगारानं तोंड बंद करायचं मात्र कधी मान्य केलं नाही. तशी वेळ आली तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपदसुद्धा सोडलं.

आणि या सगळ्याची किंमत? ती रमाईला विचारायला हवी होती. नवरा लंडनला, आणि ती चाळीत पै-पै जोडत होती. पाच लेकरांतली चार तिनं मातीआड केली. १९३५ साली ती गेली. आपल्या भाषणात तिचा त्याग एका ओळीत उरकतो. तिच्या चुलीवर चळवळ किती वर्षं शिजली, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

म्हणून त्या पोराला मी आता सांगतो. बाबा रे, ऑर्डर घे. लाजू नकोस. पण ही नोकरी कशासाठी धरतोस, तिच्यातून किती बाजूला टाकणार आणि कुठं आलं म्हणजे सोडणार, हे बायकोला शेजारी बसवून ठरव. नाहीतर पगार तुलाच गिळून टाकील. आणि नोकरीला देव समजू नकोस. पक्की नोकरी किती पक्की असते, ते १९८२ च्या संपानंतर गिरणगावानं बघितलं आहे.

आणि बैठकीतल्या आपल्या सगळ्यांना सांगतो. चळवळीला पूर्णवेळ माणूस पाहिजे ना? मग त्याच्या चुलीचं बघा. दर महिन्याला वर्गणी काढा, पावती फाडा. बाबासाहेबांना शाहू महाराज भेटले, भथेना भेटले. आपण त्या पोराला नुसतं एक वाक्य दिलं. खिशात हात कुणीच घातला नाही. मीसुद्धा नाही.