द्वंद्व कीं तत्पुरुष?

पोलिश भाषेंतील एखादें लांबलचक विशेषण प्रथमच दृष्टीस पडलें म्हणजे आपल्याकडील वाचक दचकतो. ‘नव्याण्णव वर्षांचा’ एवढाच अर्थ सांगण्यासाठीं ती भाषा ‘जेव्येन्चजेशेन्चोजेव्येन्चोलेत्नी’ असा शब्द योजते! परंतु संस्कृत समासांची संवय असलेल्या आम्हां लोकांस त्याची उकल अवघड वाटण्याचें कारण नाहीं. ‘जे-व्येन्च-जे-शेन्-चो-जे-व्येन्-चो-लेत्-नी’ अशीं दहा अक्षरें पाडलीं, कीं नऊ वेळां दहा, त्यावर नऊ, आणि शेवटीं वर्ष, असे घटक स्पष्ट दिसूं लागतात. पोलिश भाषेच्या सामान्य नियमाप्रमाणें आघात उपान्त्य अक्षरावर, म्हणजे ‘लेत्’वर पडतो. हें ‘लेत्’ मूळचें उन्हाळ्याचें नांव होय. ‘लातो’ म्हणजे उन्हाळा. त्याचेंच अनेकवचन वर्षांसाठीं वापरतात. आमच्या पूर्वजांनीं पावसावरून ‘वर्ष’ मोजलें, त्या थंड मुलखांतील लोकांनीं उन्हाळ्यांवरून मोजलें.

असे घटक सांधण्याचें काम बहुधा ‘ओ’ हा स्वर करितो. पहिलें पद आपले प्रत्यय टाकून ओकारान्त होतें. लिंग, वचन व विभक्ति यांचा भार शेवटचें पद वाहतें. मात्र दोन पदांचें परस्परांशीं नातें कोणतें, हें ‘ओ’ सांगत नाहीं. तें एक लहानशी आडवी रेघ सांगते. ‘झूव्तो-चेर्वोनी’ असें मध्यें संयोगचिन्ह देऊन लिहिलें तर ‘पिवळा आणि तांबडा’ असा अर्थ होतो. तेंच सलग लिहिलें तर ‘पिवळसर तांबडा’. पहिला द्वंद्व, दुसरा कर्मधारय; आणि कर्मधारय हा आमच्या वैयाकरणांनीं तत्पुरुषाचाच एक भेद मानिला आहे. १८३१ सालीं पोलिश विधिमंडळानें पांढरा व तांबडा हे राष्ट्रीय रंग ठरविले. त्यांचें ‘ब्यावो-चेर्वोनी’ हें विशेषणहि आज रेघेसहच लिहितात. त्यांत कोणताच रंग दुसऱ्याचा अंकित नाहीं.

रंगांच्या बाबतींत हें सोपें आहे; राष्ट्रांच्या बाबतींत नाहीं. १५६९ सालीं लुब्लिन येथें पोलंड व लिथुआनिया यांचें एक संयुक्त राज्य झालें. त्यास लावण्यांत येणारें ‘पोल्स्को-लितेव्स्की’ हें विशेषण रेघेनेंच लिहितात. करारान्वयें लिथुआनियाचें सैन्य, खजिना व कायदे वेगळे राहिले, म्हणजे द्वंद्वच. पण तेथील सरदारवर्गानें हळूहळू पोलिश भाषा व चालीरीती उचलल्या, आणि १६९७ सालीं सरकारी कागदपत्रांतून जुनी रुथेनियन भाषा जाऊन तिच्या जागीं पोलिश आली. द्वंद्वाचा तत्पुरुष झाला.

पुढें हाच प्रसंग पोलिश लोकांवर आला. १७७२, १७९३ व १७९५ अशा तीन वांटण्यांत रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं तें राज्य नकाशावरून पुसून टाकिलें. १९०१ सालीं प्रशियाच्या ताब्यांतील व्झेश्न्या गांवच्या शाळेंत धर्मशिक्षण जर्मन भाषेंतून देण्यास आरंभ झाला. मुलांनीं उत्तरें देण्याचें नाकारिलें व छड्यांचा मार सोसला. ज्यांची भाषा एकदां दुसऱ्यांच्या कचेरींत शिरली होती, त्यांच्याच भाषेस आतां स्वतःच्या शाळेंतून बाहेर पडावें लागलें. १९१८ सालीं पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला, तेव्हां ती सन्मानानें परत आली.

म्हणून जोडनांवांच्या राज्यांचा इतिहास वाचणारांस आमची एवढीच सूचना आहे: शब्दांतील रेघ पाहून थांबूं नये. विग्रह करितांना कचेरींत व शाळेंत कोणत्या पदाची भाषा चालत होती, हें विचारावें, आणि मग समासाचें नांव ठरवावें.