ठिपक्यांची काटकसर

१९९० सालचा सप्टेंबर. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात श्रीव्हपोर्ट नावाचं शहर आहे. तिथल्या सॉफ्टडिस्क या कंपनीत काम करणाऱ्या जॉन कार्मॅक आणि टॉम हॉल यांनी रात्रभर जागून निन्टेंडोच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'ची पहिली पातळी साध्या पीसीवर उभी केली. मारिओच्या जागी त्यांनी सहकारी जॉन रोमेरोच्या एका जुन्या खेळातला डेव्ह घातला आणि फ्लॉपी रोमेरोच्या टेबलावर ठेवली. सकाळी रोमेरोने ती सुरू केली तेव्हा डेव्ह धावत होता आणि मागचा सगळा देखावा एकही धक्का न खाता सरकत होता.

पीसीवर हे होत नाही, असं तेव्हा सगळेच धरून चालत. निन्टेंडोच्या यंत्रात पडदा सरकवण्याची सोय मुळातच होती. पीसी घडला होता हिशेबासाठी आणि पत्रव्यवहारासाठी. त्याच्या पडद्यावर ३२० गुणिले २०० म्हणजे ६४,००० ठिपके असत, आणि ते सगळे सेकंदाला अनेकदा नव्याने रंगवणं पीसीतल्या ईजीए ग्राफिक्स कार्डाच्या आवाक्याबाहेरचं होतं.

कार्मॅकने ते रंगवलेच नाहीत. एका पडद्याला लागते त्यापेक्षा जास्त मेमरी कार्डावर असे, आणि त्या मेमरीत कुठपासून चित्र दाखवायचं हे प्रोग्रामला ठरवता येई. ही सुरुवातीची जागा जराशी पुढे नेली की अख्खा देखावा सरके. पण ही युक्ती थोड्याच अंतरापुरती पुरायची. मग तिला दुसरी जोड मिळाली. देखावा लहान चौकोनी तुकड्यांनी बनलेला होता. एक तुकडाभर पुढे गेल्यावर निळ्या आकाशाच्या जागी पुन्हा निळं आकाशच येणार असेल, तर त्या तुकड्याला हात लावायचा नाही. जे बदललं तेवढंच रंगवायचं. याच तंत्रावर उभा राहिलेला 'कमांडर कीन' १४ डिसेंबर १९९० रोजी बाहेर पडला. जड खेळ हलक्या यंत्रावर चालवण्याच्या पुढच्या साऱ्या इतिहासात हाच विचार पुन्हा पुन्हा भेटतो: डोळ्याला जे जाणवणार नाही, ते काम यंत्राला सांगायचं नाही.

खेळणाऱ्यालाही आपल्या बाजूने कष्ट होतेच. १९८१च्या आयबीएम पीसीच्या आराखड्यात प्रोग्रामांच्या वाट्याला ६४० केबी मेमरी होती. पुढे यंत्रात ४ एमबी आले तरी डॉसवरच्या खेळांची पहिली ओढाताण या ६४० केबींसाठीच चाले. माउसचा ड्रायव्हर, सीडीचा ड्रायव्हर, साउंड कार्डाचा ड्रायव्हर असे सगळे त्याच जागेत घुसत. मग 'कॉन्फिग.सिस' ही फाइल उघडायची, त्यात 'डॉस=हाय,यूएमबी' अशी ओळ लिहून डॉसला वरच्या मेमरीत पाठवायचं, नको तो ड्रायव्हर काढायचा, यंत्र पुन्हा सुरू करायचं आणि किती केबी मोकळे झाले ते पाहायचं. १९९१च्या 'फाल्कन ३.०' या विमानांच्या खेळाला ६०० केबींहून अधिक जागा मोकळी लागे. १९९२च्या 'अल्टिमा ७'चं याहून निराळं होतं. इतर खेळांसाठी मुद्दाम लावलेला ईएमएम३८६ हा मेमरी सांभाळणारा ड्रायव्हर चालू असला तर हा खेळ सुरूच होत नसे. म्हणून लोक खेळागणिक वेगळी बूट फ्लॉपी करून ठेवत. दहा-बारा वर्षांची असंख्य मुलं संगणकाच्या आत काय चालतं हे शिकली ती या फायली दुरुस्त करता करताच.

१० डिसेंबर १९९३ला 'डूम' आला आणि ही काटकसर खेळाच्या आतच आली. वजाबाकीची खूण दाबली की चित्राची चौकट लहान होई आणि कडेची जागा नुसत्या नक्षीने भरली जाई. एफ५ दाबलं की आडवे ठिपके निम्म्यावर येत आणि प्रत्येक ठिपका दुप्पट रुंद दिसे. ३८६च्या मालकाने पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत का होईना, पण तोच खेळ खेळला. आतली रचनाही तितकीच विचारपूर्वक केलेली होती. ३८६ आणि ४८६एसएक्स या प्रोसेसरांत दशांश अपूर्णांकांचं गणित करणारा वेगळा भाग नव्हता, म्हणून 'डूम'ने सगळं पूर्णांकांत बसवलं. भिंती नेहमी उभ्या आणि जमिनी नेहमी सपाट ठेवल्या. त्यामुळे भिंतीच्या एका उभ्या रेघेतले सगळे ठिपके सारख्याच खोलीवर येत आणि अंतराचा अवघड भागाकार एका रेघेला एकदाच करावा लागे.

२२ जून १९९६च्या 'क्वेक'मध्ये ही सवलत उरली नाही. तिथे भिंती कुठल्याही कोनात तिरप्या होत्या, म्हणजे हिशेबाने प्रत्येक ठिपक्याला भागाकार आला. मायकेल अॅब्रॅश आणि कार्मॅक यांनी दर १६ ठिपक्यांना एकच भागाकार केला आणि मधलं अंतर सरळ अंदाजाने भरलं. पेंटियमचा अपूर्णांकांचा भाग तो भागाकार करत असे, तेवढ्या वेळात प्रोसेसरचा उरलेला भाग आधीचे ठिपके रंगवून घेई. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातलं सर्वांत देखणं काम हेच. त्याची झळ मात्र स्वस्त यंत्रांना बसली. सायरिक्सचा ६एक्स८६ ऑफिसच्या कामात पेंटियमच्या तोडीचा होता, पण त्याचं अपूर्णांकांचं गणित मंद असल्याने 'क्वेक'मध्ये तो साफ मागे पडला.

त्याच वर्षी ३डीएफएक्सचं व्हूडू कार्ड आलं आणि ठिपके रंगवण्याचं काम प्रोसेसरकडून निघू लागलं. ज्यांच्याकडे कार्ड होतं त्यांच्यासाठी नवं युग सुरू झालं. साधा लॅपटॉप मात्र पुढची कितीतरी वर्षं प्रोसेसरशेजारच्या जुजबी ग्राफिक्सवरच राहिला. इंटेलच्या जीएमए ९५०मध्ये तर आकारांचे कोपरे मोजण्याचं काम परत प्रोसेसरच्याच गळ्यात पडे.

या उतरंडीतला एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. 'काउंटर-स्ट्राइक'चा जन्म 'हाफ-लाइफ' या १९९८च्या खेळातून झाला आणि 'हाफ-लाइफ'चं इंजिन 'क्वेक'च्या इंजिनातून घडलं होतं. 'काउंटर-स्ट्राइक १.६'च्या सेटिंगमध्ये कार्डाकडून चित्र काढून घेणाऱ्या ओपनजीएलच्या शेजारी 'सॉफ्टवेअर' हा पर्याय असे, म्हणजे कार्ड नसलं तरी प्रोसेसरने चित्र काढायचं. पुण्या-मुंबईपासून जिल्ह्याच्या गावांपर्यंतच्या सायबर कॅफेंत स्वस्तातल्या यंत्रांवर हा खेळ वर्षानुवर्षं टिकला, त्यामागे या मेहनतीचा मोठा वाटा आहे.

जिथे कंपनीने हात टेकले तिथे खेळणारे पुढे झाले. २००६च्या 'ऑब्लिव्हियन'ला जुनी ग्राफिक्स कार्डं चालत नव्हती, तेव्हा चाहत्यांनी 'ओल्डब्लिव्हियन' बनवलं आणि त्यातली प्रकाशाची कामं सोप्या रूपात बसवून खेळ जुन्या कार्डांवर चालवून दाखवला. २०२०चा 'व्हॅलोरंट' हे उलट बाजूचं उदाहरण. लॅपटॉपमधल्या जुन्या इंटेल ग्राफिक्सवरही सेकंदाला ३० फ्रेम मिळाव्यात, हे तिथे मुळातच ठरवलेलं होतं.

आताचं मुख्य हत्यार आहे अपस्केलिंग, म्हणजे कमी ठिपक्यांत काढलेलं चित्र मोठं करून दाखवणं. एनव्हिडियाचं डीएलएसएस २०१८च्या आरटीएक्स कार्डांबरोबर आलं, पण ते त्या कार्डांपुरतंच राहिलं. एएमडीचं एफएसआर २२ जून २०२१ला आलं आणि ते जुन्या, दुसऱ्या कंपनीच्या कार्डांवरही चालतं. १०८० रेषांच्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. एफएसआरच्या 'क्वालिटी' पातळीवर त्यातले ९ लाख २१ हजार ६००च खरे काढले जातात, बाकीचे अंदाजाने भरले जातात. निम्म्याहून अधिक कष्ट वाचतात आणि साध्या लॅपटॉपला दम मिळतो.

साधा लॅपटॉप असलेल्याने सुरुवात इथूनच करावी. त्यानंतर सावल्या कमी कराव्यात, कारण सावलीसाठी देखावा दिव्याच्या जागेवरून पुन्हा एकदा काढावा लागतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ग्राफिक्स मुख्य मेमरीच वापरतं, त्यामुळे ८ जीबीच्या एकाच पट्टीशेजारी तेवढीच दुसरी लावली की फरक डोळ्यांना दिसतो. चार्जर लावून ठेवावा आणि हवेची जाळी मोकळी असू द्यावी. तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो.

एका गोष्टीबद्दल मात्र तक्रार करायलाच हवी. २०२३च्या 'अॅलन वेक २'च्या अधिकृत तक्त्यात किमान गरजासुद्धा अपस्केलिंग धरूनच दिल्या होत्या, आणि त्याच वर्षीचा 'रेम्नंट २' अपस्केलिंग गृहीत धरून रचल्याचं त्याच्या कर्त्यांनी सांगितलं. साध्या यंत्राच्या मालकासाठी राखलेली शेवटची सवलत अशी आधीच खर्च होऊन येते. खेळ बनवणाऱ्यांनी किमान गरजांच्या तक्त्यात अपस्केलिंगशिवायचा आकडाही छापावा, आणि खेळ विकत घेणाऱ्यांनी तो मागून घ्यावा.